कृपाबाईंची सगुणा

आपल्या भाषेत चपळ मनाच्या मुलीसाठी शब्दांची टंचाई नाही. द्वाड, आगाऊ, हट्टी, तोंडाळ, उनाड, अतिशहाणी. मात्र यांत कौतुकाचा शब्द शोधू लागले तर हाती फारसे लागत नाही. हाच स्वभाव मुलाच्या ठायी असला की त्याला आपण खट्याळ म्हणतो, आणि म्हणताना हसतोही. मराठी बालसाहित्यात याचे प्रतिबिंब पडलेले दिसते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे ही नावे घरोघरी ठाऊक आहेत. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, पण गोट्या जितक्या घरांत पोहोचला तितक्या घरांत चिंगी पोहोचली नाही. मुलाचा खोडकरपणा आपल्याला गोष्टीचा विषय वाटतो आणि मुलीचा खोडकरपणा तक्रारीचा.

लोणावळा-तळेगावच्या परिसरात धर्मगुरूकडे येणाऱ्या आयांच्या तोंडून ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मुलगी प्रश्न फार विचारते, उलट बोलते, पुस्तक हाती घेतले की हाक मारलेली ऐकत नाही, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिक्षकांना अडवते, तेव्हा ‘फादर, तुम्हीच तिला दोन शब्द सांगा’, असा आग्रह असतो. ते दोन शब्द सांगण्यापूर्वी या मुलींच्या आयांना व बाबांना एका जुन्या पुस्तकाचा इतिहास सांगावा, असे मनात आले. हे पुस्तक महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती मुलीने स्वतःच्या बालपणावर लिहिले. त्याचे नाव ‘सगुणा’ आणि लेखिकेचे नाव कृपाबाई सत्यनाथन.

सगुणेच्या आधी

सगुणेच्या जन्मापूर्वीही मराठी मुलींचा विषय लिहिला जात होताच. 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता नावाच्या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापून आला. ही मुलगी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाला थेट प्रश्न केले. मोठ्या माणसांनाही ज्याचे भय वाटावे असे ते प्रश्न होते. शाळकरी मुलीच्या आगाऊपणाने मराठी गद्याला किती मोठे धन दिले, हे त्या निबंधावरून कळते.

दोनच वर्षांनी, 1857 साली, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते. पुस्तकाचा हेतू थोर आहे. परंतु यमुना पहिल्या पानापासूनच समंजस व सुशिक्षित आहे. ती कधी रुसत नाही, चुकत नाही, कुणाला तोंड वर करून बोलत नाही. तिच्याकडून समाजाला उपदेश करून घ्यायचा असल्यामुळे तिला बालपणच दिलेले नाही. हेतू चांगला असूनही मोठी माणसे मुलीविषयी लिहू लागली की तिचे वय हिरावून घेतात. ते तिला परत मिळवून द्यायला एखाद्या मुलीनेच मोठे होऊन लेखणी हाती घ्यावी लागते.

खिस्ती घराण्यातील मुलगी

कृपाबाईंचा जन्म 1862 साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे झाला. वडील हरिपंत खिस्ती व आई राधाबाई हे ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये तेथेच सुरू झाले होते. मुंबई इलाख्यात ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारणाऱ्या आद्य ब्राह्मण कुटुंबांत खिस्ती कुटुंबाची गणना होते. अशा घरातील मुलीच्या वाट्याला दोन्हीकडची परकेपणाची भावना येते. जुने आप्त दुरावलेले असतात आणि नवे शासक-धर्मबंधू जवळ घेतात ते थोडे अंतर राखूनच.

कृपाबाई लहान असतानाच वडील वारले. आईने आणि थोरल्या भावाने तिला वाढविले. या भावाचे नाव भास्कर. तो तिच्याहून बराच मोठा होता. तो तिला पुस्तके आणून देई आणि वाचलेल्या पुस्तकांवर तिच्याशी बोले. एवढ्याशा मुलीचे मत विचारावे, तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे आणि उत्तर ठाऊक नसले तर तिच्याबरोबर बसून शोधावे, असे करणारा माणूस एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही जातिधर्माच्या घरात विरळाच. पुढे तोही तरुणपणीच वारला आणि या आघाताने मुलगी कोसळली. कादंबरीत तिने भावाला त्याच्या खऱ्या नावानेच अमर करून ठेवले आहे.

यानंतर दोन युरोपियन मिशनरी बायकांनी तिच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. हा अनुभव संमिश्र होता, असे तिच्या लिखाणावरून दिसते. त्यांच्यामुळे शिक्षण मिळाले, आणि गोऱ्या माणसाच्या घरात देशी ख्रिस्ती मुलीची जागा कोणती मानली जाते, हेही तिने तेथेच पाहिले. पुढे तिला मुंबईच्या निवासी शाळेत घालण्यात आले.

त्या काळी पठारावरून मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलांचा प्रवास आपल्या अंगणातून होऊ लागला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. बोरघाटातील लोहमार्ग 1863 साली सुरू झाला, म्हणजे कृपाबाईंच्या जन्मानंतर अवघ्या वर्षाने. त्यापूर्वी खंडाळ्याला आगगाडीतून उतरून खोपोलीपर्यंत पालखीने वा पायी घाट उतरावा लागे. घाटाचे काम करताना कित्येक मजूर रोगराईला व अपघातांना बळी पडले. लोणावळे हे खेडे या मार्गामुळेच गाव झाले आणि आपल्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज या रेल्वेच्याच निमित्ताने मावळात आले. मुलीला शिकायला दूर धाडण्याची कल्पना घरात सुचू लागली, तिलाही ही आगगाडी काही अंशी कारण आहे.

डॉक्टर होऊ पाहणारी

मुंबईच्या शाळेत एक अमेरिकन स्त्री-डॉक्टर होत्या. त्यांच्या सहवासात कृपाबाईंच्या मनाने घेतले की आपण वैद्यकी शिकावी आणि पडद्यातल्या बायकांची सेवा करावी. विलायतेत जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु प्रकृती नाजूक म्हणून जाऊ दिले गेले नाही. तेव्हा 1878 साली त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या 1883 साली, म्हणजे याच्या पाच वर्षांनंतर. आनंदीबाईंचे नाव मराठी घरांत प्रत्येकाला ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. त्यांच्याआधी याच वाटेवर पाऊल ठेवलेली ख्रिस्ती मुलगी मात्र आपल्या मुलांच्या कानांवर पडलेली नाही.

मद्रासमध्ये त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहत. अभ्यासात त्या चमकल्या. पण अतिश्रमाने वर्षभरातच प्रकृती ढासळली आणि 1879 साली त्यांना पुण्यास बहिणीकडे विश्रांतीसाठी परतावे लागले. डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथे संपले. वर्षभराने त्या पुन्हा मद्रासला गेल्या. रेव्हरंड सत्यनाथन यांचे चिरंजीव सॅम्युएल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि 1881 साली विवाह झाला. पतीच्या नोकरीमुळे बिऱ्हाड उटीला गेले. तेथे त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली आणि ‘एक हिंदी स्त्री’ एवढ्याच ओळखीने नियतकालिकांत लेख लिहू लागल्या.

1887 ते 1888 या काळात ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये ‘सगुणा’ क्रमशः प्रसिद्ध झाली. याच सुमारास त्यांचे एकुलते एक मूल वर्षाचे होण्याआधीच दगावले. पुढे क्षयाचे निदान झाले. आपल्याजवळ थोडाच काळ आहे हे कळल्यावर त्यांनी ‘कमला’ ही दुसरी कादंबरी लिहावयास घेतली. अंगात ताप असताना लिहिलेले हे पुस्तक एका हिंदू बालवधूविषयी आहे. 1894 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘सगुणा’ पुस्तकरूपाने निघाली ती 1895 साली, लेखिकेच्या पश्चात.

पुस्तकात काय आहे

‘सगुणा’ ही कादंबरी म्हटली तरी आत्मचरित्राचाच एक प्रकार आहे. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून तिची नोंद झाली आहे. आरंभ होतो तो सगुणेच्या आईपासून. राधा लहानपणीच सासरी गेलेली. तिचा पती हरिचंद्र ख्रिस्ती होतो, तेव्हा तिचे जग उलटेपालटे होते. धर्मांतराच्या कथा आपण बहुधा पुरुषाच्या बाजूने ऐकतो. त्याला प्रकाश दिसतो, तो सर्वस्व सोडतो, आणि त्याच्या पाठोपाठ पत्नी येते, असे एका वाक्यात म्हटले की आपले काम संपते. या लेखिकेने त्या एका वाक्यात काय काय दडलेले असते ते दाखविले. पत्नीची भीती, तिचा संताप, तिची एकाकी झुंज आणि मग सावकाश फुललेली तिची स्वतःची श्रद्धा, हे सारे तिने आपल्या आईकडे पाहून लिहिले. ज्यांच्या घराण्यात अशी एखादी पणजी होऊन गेली असेल त्यांना ही पाने परकी वाटणार नाहीत.

मग येते सगुणा. पुस्तकांची वेडी, स्वप्नाळू, मानी आणि चटकन रागावणारी. मुलीच्या जातीने घरकाम शिकावे ही अपेक्षा एकीकडे आणि भावाने उघडून दिलेले ग्रंथांचे दार दुसरीकडे, या ओढाताणीत ती वाढते. तिचा मानीपणा काहींना उद्धटपणा वाटतो, तिचे मौन घुमेपणा वाटते आणि तिची ज्ञानाची ओढ मुलीला न शोभणारी वाटते. आपल्यावर दया केली जात आहे हे तिला लगेच कळते आणि ते तिला सोसवत नाही. देशी ख्रिस्ती म्हणजे सदैव कृतज्ञ राहिलेच पाहिजे असे प्राणी, ही गोऱ्यांची समजूत ती निमूटपणे स्वीकारत नाही. 1887 साली एका तरुण ख्रिस्ती स्त्रीने मिशनच्याच वर्तुळातील मासिकात हे लिहावे, यात केवढे धैर्य होते!

तिच्या दृष्टीला मर्यादाही आहेत. आपल्या मूळच्या कुळाचा अभिमान तिच्या लेखनात अधूनमधून डोकावतो आणि साध्या घरांतून आलेल्या ख्रिस्ती मुलींकडे ती नेहमीच समभावाने पाहते असे नाही. मुक्तेचा निबंध आणि ‘सगुणा’ शेजारी ठेवून वाचले, तर एकीने जे पाहिले ते दुसरीच्या नजरेतून सुटले, हे ध्यानात येते. आपल्या मंडळीत जातीची जुनी सावली किती काळ रेंगाळली, याचाही तो पुरावा आहे. तो झाकून ठेवून सगुणेचे चित्र अधिक सुंदर होणार नाही.

त्याच वर्षी रोममध्ये

1887 हे वर्ष आपल्या वाचकांना आणखी एका मुलीमुळे ठाऊक असेल. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधील एक चौदा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर रोमला आली होती. पोप लिओ तेरावे यांच्या भेटीच्या वेळी कोणी एक शब्दही बोलू नये, अशी सक्त ताकीद यात्रेकरूंना मिळाली होती. या मुलीने गुडघे टेकले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी कार्मेल मठात प्रवेश मिळावा अशी विनंती थेट पोपमहोदयांनाच केली. उत्तरावर तिचे समाधान होईना. शेवटी पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाजूला नेले. हीच लिझ्यूची संत तेरेजा. तिच्या आईची पत्रे आज उपलब्ध आहेत. लहानग्या तेरेजाच्या हट्टीपणाची हकिकत त्यांत आहे. एकदा नाही म्हटले की काही केल्या ती बधत नसे, असे आई लिहिते. पुढे या हट्टी मुलीला 1925 साली संतपद मिळाले आणि 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित केले.

कृपाबाई व संत तेरेजा यांची वाट निराळी, संप्रदाय निराळा. दोघींनी बालपण लिहून ठेवले, दोघीही क्षयाने ऐन तारुण्यात गेल्या आणि दोघींच्याही आठवणी पुस्तकरूपाने त्यांच्या मृत्यूनंतरच वाचकांच्या हाती आल्या. आणखी एक साम्य मला अधिक मोलाचे वाटते. दोघींनाही बालपणी त्यांचे म्हणणे मनापासून ऐकणारे एक माणूस मिळाले. तेरेजाला वडील मिळाले. मुलीचा मनोदय त्यांनी ऐकला आणि तिला घेऊन ते बिशपांपर्यंत व पुढे रोमपर्यंत गेले. सगुणेला भास्कर मिळाला.

चार तास ऐकणारा मुख्याध्यापक

ऐकणाऱ्या माणसाचे महत्त्व विसाव्या शतकात एका जपानी पुस्तकाने जगाला पटवून दिले. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ 1981 साली निघाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला असून तो पुष्कळ शाळांत पोहोचला आहे. वर्गात डेस्कचे झाकण सतत उघडझाक करते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, पाकोळ्यांशी बोलते, म्हणून तोत्तोचानला पहिलीतच शाळेतून काढून टाकण्यात येते. आई तिला दुसऱ्या शाळेत नेते. तेथील मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी आईला घरी पाठवतात, खुर्ची जवळ ओढतात आणि या मुलीचे बोलणे चार तास ऐकतात. पहिल्या शाळेतून तिला काढून टाकले होते, ही गोष्ट आईने तिला वीस वर्षांची होईपर्यंत सांगितली नाही. मुलीच्या मनाला डाग लागू नये, यासाठी एका आईने इतकी वर्षे पाळलेले हे मौन होते.

कोबायाशींच्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत, हे वाचताना रेल्वेच्या गावात राहणाऱ्या आपल्या मुलांना फार गंमत वाटते. 1945 साली बाँबहल्ल्यात ती शाळा जळून गेली. तोत्तोचान मोठी होऊन नामांकित कलावती झाली, 1984 पासून युनिसेफची सदिच्छादूत म्हणून जगभरच्या मुलांसाठी झटली आणि 2023 साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, तिने या पुस्तकाचा पुढचा भाग लिहिला.

चार तास ही काही अद्भुत गोष्ट नव्हे. आपण लग्नाच्या खरेदीत याहून अधिक वेळ घालवतो. तरी आपल्या घरातील एखाद्या मुलीचे बोलणे, मध्ये न थांबवता आणि उपदेश न करता, आपण सलग अर्धा तास कधी ऐकले आहे, असा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला करून पाहावा. धर्मगुरूंनीही करावा.

आपली मुलगी, आपली भाषा

‘सगुणा’ इंग्रजीत लिहिली गेली आणि मद्रासेत छापली गेली. लेखिका मराठी, तिची माणसे मराठी. पण पुस्तक मराठी घरांत रुजले नाही. शंभर वर्षांनंतर, 1998 साली, चांदनी लोकुगे यांच्या संपादनाखाली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘सगुणा’ व ‘कमला’ पुन्हा प्रकाशित केल्या आणि विद्यापीठांतून त्यांचा अभ्यास होऊ लागला. अभ्यासकांच्या कपाटापासून मुलांच्या हातापर्यंतचे अंतर मात्र अद्याप कापायचे राहिले आहे.

हे अंतर कापता येते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. इंदापूरला 1922 साली जन्मलेल्या शांता शेळके यांनी अमेरिकेतील ‘लिटल विमेन’ या 1868 सालच्या कादंबरीची ‘चौघीजणी’ केली. त्यातील ज्यो ही धसमुसळी, लिहिण्याची वेडी मुलगी कित्येक मराठी मुलींची जिवलग मैत्रीण झाली. परदेशातल्या ज्योला आपण घरात घेतले. मग नगरच्या सगुणेला उंबऱ्याबाहेर का ठेवावे? सोप्या मराठीत, लहान लहान प्रकरणांत, चित्रांसह तिची गोष्ट आपल्या मुलांसाठी लिहिली जावी. आपल्या धर्मग्रामांत मराठीचे शिक्षक आहेत, शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनी आहेत, चित्रे काढणारे तरुण आहेत. कृपाबाईंना दिवंगत होऊन शतक उलटून गेले आहे. जुनी आवृत्ती समोर ठेवून ती गोष्ट पुन्हा सांगण्यास आता कोणाचा प्रतिबंध नाही.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारीत होता, असे संत लूक सांगतो. आईवडील तीन दिवस व्याकूळ होऊन त्याला शोधत होते. तो सापडल्यावर त्याने दिलेले उत्तर त्यांना उमगले नाही, हेही शुभवर्तमानकाराने लपविलेले नाही. मरियेने ते न उमगलेले उत्तर अंतःकरणात जपून ठेवले. मूल कळत नाही तेव्हा काय करावे, याचा हा धडा पवित्र मातेने आपल्याला घालून दिला आहे.

तेव्हा ‘फादर, हिला दोन शब्द सांगा’ म्हणून मुलीला घेऊन येणाऱ्या आयांनो, अवश्य या. मुलीला बोलू द्या; आपण दोघे ऐकू.